जीवनजल आणि नाताळ : आयरिश व्हिस्कीच्या बाटलीचा इतिहास

नाताळ आणि आयरिश व्हिस्की यांची लेखी गाठ प्रथम पडते ती एका मृत्यूच्या नोंदीत. आपल्याकडे जेधे शकावली आहे तशा आयर्लंडमध्येही जुन्या शकावल्या आहेत. त्यांपैकी क्लॉनमॅक्नॉइसच्या शकावलीत इ. स. १४०५ खाली रिचर्ड मॅग्रॅनेल नावाच्या एका सरदाराची हकीगत आली आहे. तो नाताळात 'अ‍ॅक्वा व्हिटे' प्रमाणाबाहेर प्यायला आणि मरण पावला. मूळ आयरिश पोथी आज उपलब्ध नाही. हाती आहे तो १६२७ सालचा इंग्रजी अनुवाद. नोंद करणाऱ्याला (की अनुवादकाला) कोटी करण्याचा मोह आवरलेला नाही. ज्याला जीवनाचे पाणी म्हणतात ते या गृहस्थाच्या बाबतीत मरणाचे पाणी ठरले, अशा आशयाची पुस्ती तेथे जोडलेली आहे. याच मृत्यूची वार्ता कनॉटच्या शकावलीतही आहे आणि तीही तसाच श्लेष करते. आयर्लंडच्या इतिहासात व्हिस्की अवतरते ती अशी : सण, अतिरेक, मृत्यू आणि शब्दखेळ यांसह.

'नाताळसाठी आयरिश व्हिस्कीची चांगली बाटली कोणती निवडावी' हा प्रश्न वाङ्मयीन निबंधांच्या या दालनात उपस्थित व्हावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आम्ही काही मद्यतज्ज्ञ नव्हे. आमच्यापैकी काही जण घेतात, काही घेत नाहीत, आणि या लेखापुरते त्यांच्यात मतैक्य झाले आहे. तथापि जॉइसच्या कथा वर्गात शिकवताना हा विषय पुनःपुन्हा पुढ्यात येतो. आमचे काही जुने विद्यार्थी आता डब्लिन-कॉर्ककडे नोकरीस आहेत. डिसेंबर उजाडला की एखाद्या आयरिश घरी जेवावयास जाताना काय न्यावे, असे ते अधूनमधून विचारतात. शिवाय दुकानाच्या फळीसमोर उभे राहिले की प्रत्येक बाटली आपणांस इतिहासच सांगू लागते : अमुक साली स्थापना, तमुक गल्लीतील भट्टी, संस्थापकाची सही. या इतिहासातील किती खरा, किती सोयीचा, हे ठाऊक नसेल तर निवड व्हावी कशी? तेव्हा प्रश्न खरेदीचा दिसला तरी तो साधनचिकित्सेचाही आहे, असे आमचे मत आहे.

आरंभ नावापासून करू. आयरिश भाषेत 'इश्का बाहा' म्हणजे जीवनाचे पाणी. हे लॅटिन 'अ‍ॅक्वा व्हिटे'चे शब्दशः भाषांतर होय. त्यातील पहिल्या शब्दाचा, म्हणजे निव्वळ 'पाणी' या अर्थाच्या शब्दाचा, इंग्रजांच्या तोंडी 'व्हिस्की' झाला. 'जीवन' गळून पडले. (मराठीत मद्याला थट्टेने 'तीर्थ' म्हणण्याची रीत आहे. पाण्याला पावित्र्य द्यावे आणि मग त्या पावित्र्याआड मद्य दडवावे, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच दिसते.) हे जीवनजल आयर्लंडमध्ये प्रथम मठांतून व औषधांच्या पोथ्यांतून आले. किल्केनी येथील चौदाव्या शतकातील बिशप रिचर्ड लेड्रेड याच्याशी निगडित 'रेड बुक ऑफ ऑसरी' या हस्तलिखितात अ‍ॅक्वा व्हिटे तयार करण्याची कृती सापडते, पण ती धान्यापासून नव्हे तर द्राक्षांच्या वाइनपासून. साहित्याच्या अभ्यासकांस या पोथीचा एक वेगळा परिचय असेल. आपल्या पाद्र्यांनी प्रापंचिक, उत्तान गाणी गाऊ नयेत म्हणून लेड्रेडने रचलेली साठ लॅटिन गीते तिच्यातच आहेत. शुद्ध गीत आणि शुद्ध अर्क एकाच पुठ्ठ्यात बांधलेले!

धान्यापासून मद्य गाळण्याची विद्या केव्हा रूढ झाली याचा नेमका दिवस दाखवता येत नाही. मात्र सोळाव्या-सतराव्या शतकांत जे 'अस्कबॉ' या नावाने ओळखले जाई ते आजच्या व्हिस्कीहून बरेच वेगळे होते. लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरवण्याची अट तेव्हा नव्हती. त्यात मनुका, बडीशेप, जेष्ठमध असे पदार्थ घालीत. फाइन्स मॉरिसन या इंग्रज प्रवाशाने १६१७ मधील आपल्या प्रवासवर्णनात त्याची वाखाणणी केली आहे. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही त्याची नोंद आहे. आयरिश प्रकार चवीला सुखद व सौम्य, तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला अधिक जहाल, असा निवाडा तेथे दिलेला आहे. कोशकाराने चवीचा निवाडा द्यावा हे आजच्या कोशशिस्तीत बसणारे नाही. परंतु दुकानदार आजही गिऱ्हाइकाला हेच वाक्य थोड्याफार फरकाने ऐकवतो.

यापुढचा इतिहास हा बहुतांशी अबकारी कराचा इतिहास आहे. १५५६ मध्ये द्रॉहेडा येथे भरलेल्या आयरिश पार्लमेंटने परवान्यावाचून अ‍ॅक्वा व्हिटे गाळण्यास बंदी केली. उमराव, प्रतिष्ठित गृहस्थ आणि शहरांचे हक्कदार नागरिक यांना अर्थातच तीतून सूट होती. १६०८ मध्ये पहिल्या जेम्स राजाच्या अमदानीत सर टॉमस फिलिप्स यास अँट्रिम परगण्यातील गाळपाचा परवाना मिळाला. 'बुशमिल्स'च्या बाटलीवर जे १६०८ साल झळकते ते या परवान्याचे. त्या कंपनीची नोंदणी १७८४ ची, आणि १८८५ मध्ये आग लागून जुनी इमारत नष्ट झाल्यावर भट्टी पुन्हा बांधावी लागली. याचा अर्थ लेबल खोटे बोलते असा नाही. त्या परिसरात १६०८ साली परवाना दिला गेला होता हे खरेच आहे. पण परिसराचा इतिहास, कंपनीचा इतिहास आणि बाटलीतल्या द्रवाचा इतिहास या तीन निराळ्या गोष्टी असून लेबल त्यांतील सर्वांत जुनी तेवढी उचलते. घराण्याच्या वंशावळी सूर्यवंशापर्यंत नेणाऱ्या आमच्याकडील भाटांना यात नवीन काही वाटणार नाही.

१६६१ मध्ये मद्यावर दर गॅलनला चार पेन्स कर बसला. तो नाताळच्या दिवसापासून लागू झाला असे सांगितले जाते; खरे असेल तर सरकारी विनोदबुद्धीला दाद द्यावी लागेल. या दिवसापासून आयरिश मद्याचे दोन वंश झाले. कर भरलेले ते 'पार्लमेंट व्हिस्की' आणि न भरलेले ते 'पोचीन', म्हणजे लहान भांड्यातले. पोचीनला मराठीत प्रतिशब्द शोधावा लागत नाही; 'हातभट्टीची' म्हटले की अर्थ, परिसर आणि फौजदाराची चाहूल, सगळे एकदम येते. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस कायदे इतके कडक झाले की १७७९ साली हजाराहून अधिक असलेल्या नोंदणीकृत भट्ट्या १८२१ मध्ये अवघ्या बत्तीस उरल्या. बाकीच्या बंद पडल्या असे समजणे भाबडेपणाचे होईल. त्या रानात गेल्या. १८२३ च्या कायद्याने कर उतरवला, तेव्हा कुठे कायदेशीर गाळप पुन्हा परवडू लागले.

नाताळची बाटली निवडणाऱ्याने लक्षात ठेवावे असे आमच्या मते एकच साल असेल तर ते १७८५. त्या साली माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूवर, कर बसला. सातूला मोड आणला की दाण्यातील पिष्टाची साखर करणारी द्रव्ये जागी होतात, म्हणून गाळपासाठी माल्ट आवश्यक असतो. परंतु सगळेच धान्य मोडाचे असण्याची गरज नसते. थोडा माल्ट घातला तर तो सोबतच्या कोऱ्या सातूचेही काम भागवतो. आयरिश गाळपवाल्यांनी कर वाचवण्यासाठी कोऱ्या सातूचे प्रमाण वाढवले. हे मिश्रण तांब्याच्या मोठ्या भांड्यांतून, बहुधा तीनदा, गाळले जाऊ लागले. यातून जे मद्य निपजले त्याला एक प्रकारचा स्निग्धपणा, दाटपणा आणि मसालेदार चुणचुण आली. केवळ माल्टपासून केलेल्या मद्यात ती नसते. हीच आज 'सिंगल पॉट स्टिल' म्हणून ओळखली जाणारी, खास आयर्लंडची शैली. करचुकवेगिरीतून चव जन्माला आली, आणि कर गेल्यावरही चव राहिली, कारण एव्हाना लोकांच्या जिभेला तीच व्हिस्की वाटू लागली होती. वाङ्मयेतिहासात असे पुष्कळदा घडते. छंदाचे बंधन सोयीसाठी येते आणि पुढे त्यालाच परंपरा म्हणतात.

एकोणिसाव्या शतकातील डब्लिन हे या शैलीचे माहेरघर. जॉन जेम्सन, विल्यम जेम्सन, जॉन पॉवर आणि जॉर्ज रो ही तेथील चार बडी घराणी. टॉमस स्ट्रीटवरील रो यांची भट्टी युरोपातील अतिविशाल भट्ट्यांमध्ये गणली जाई. तिच्या पवनचक्कीचा मनोरा आजही उभा आहे. याच कुटुंबातील हेन्री रो याने १८७० च्या दशकात क्राइस्ट चर्च कॅथीड्रलचा जीर्णोद्धार स्वखर्चाने केला. डब्लिनच्या नाताळच्या घंटा ज्या मंदिरात घुमतात त्याचे दगड व्हिस्कीच्या पैशातून बसवलेले आहेत, हे एरवी कोणी मुद्दाम सांगत नाही.

याच दशकात, १८ जून १८७५ च्या रात्री, लिबर्टीज या गरीब वस्तीतील एका गोदामाला आग लागली. गोदामात हजारो पिंपे मद्य होते. ती फुटली आणि जळती व्हिस्की गल्लीबोळांतून वाहू लागली. लोकांनी टोप्यांत, भांड्यांत, असे म्हणतात की बुटांतही, ती भरून घेतली आणि प्यायली. अग्निशमन दलाच्या प्रमुखाने रस्त्यांवर शेणखताचे बांध घालून तो ओघ अडवला. त्या रात्री तेरा माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी आगीत एकही भाजून मेला नाही की धुराने गुदमरला नाही. तेराही जण मद्याच्या विषबाधेने गेले. मॅग्रॅनेल सरदार होता म्हणून शकावलीत त्याचे नाव आले. या तेरा जणांविषयी शहराला आठवते ती मुख्यतः त्या प्रसंगाची विक्षिप्तता. व्हिस्कीचे इतिहास आज बहुधा कंपन्यांच्या आश्रयाने लिहिले जातात आणि त्यांत भट्टीच्या तांब्याचे वर्णन फार असते, लिबर्टीजच्या दारिद्र्याचे कमी.

या वैभवाला तडा गेला तो घरच्याच माणसाकडून. ईनियस कॉफी हा अबकारी खात्यातला अधिकारी. १८१० मध्ये डोनेगॉलकडे हातभट्टीवाल्यांच्या जमावाने त्याला इतके मारले होते की त्याची कवटी फुटली होती. नोकरी सोडल्यावर तो गाळपाच्या धंद्यात शिरला आणि १८३० मध्ये त्याने अखंड चालणाऱ्या उभ्या स्तंभासारख्या भट्टीचे पेटंट घेतले. पॉट स्टिलमध्ये प्रत्येक घाणा वेगळा भरावा, तापवावा, रिकामा करावा लागतो. कॉफीच्या यंत्रात एका बाजूने आंबवण ओतत राहावे आणि दुसऱ्या बाजूने तीव्र, स्वस्त, जवळजवळ चवहीन मद्य मिळत राहावे. डब्लिनच्या घराण्यांनी त्याला नाक मुरडले. स्कॉटलंडने मात्र ते उचलले, आणि १८६० च्या कायद्याने गोदामातच मिश्रण करण्याची मुभा दिल्यावर माल्टमध्ये हे हलके मद्य मिसळून 'ब्लेंड' जगभर पाठवण्यास प्रारंभ केला. फ्रान्समध्ये द्राक्षवेलींवर पडलेल्या किडीमुळे ब्रँडीची टंचाई झाली होती. ती जागा या मिश्रणाने भरून काढली.

चारही घराण्यांनी मिळून १८७८ मध्ये 'ट्रुथ्स अबाउट व्हिस्की' नावाचे पुस्तकच काढले. स्तंभभट्टीतून निघते ते मद्य मुके असते, त्याला व्हिस्की म्हणणे ही फसवणूक होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. वाद विकोपाला गेला, कोर्टात गेला, आणि अखेर राजनियुक्त आयोगाने १९०९ मध्ये निर्णय दिला की दोन्ही पद्धतींचे मद्य व्हिस्कीच होय. डब्लिनकरांनी लढाई गमावली ती बाजारात नव्हे, आधी शब्दकोशात गमावली, आणि बाजार मागाहून गेला. आपला माल वेगळा दाखवण्यासाठी त्यांनी इंग्रजी वर्णलेखनात जास्तीचा एक 'ई' घालण्याची रीत रूढ केली. त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाच्या शीर्षकात मात्र तो नाही! देवनागरीत तर हा सगळा तंटाच नाहीसा होतो. आमच्या 'व्हिस्की'त डब्लिन, एडिंबरा आणि चोपड्याच्या बाजारातील गाडीखाना एकाच वेलांटीखाली सुखाने नांदतात.

'व्हिस्की म्हणजे काय' हा प्रश्न मराठी वाचकाला परका वाटू नये. भारतात व्हिस्की म्हणून खपणारे बरेचसे मद्य उसाच्या मळीपासून काढलेल्या अर्काच्या आधाराने बनते, आणि युरोपीय कायदा त्याला व्हिस्की मानत नाही. आमच्या साखरपट्ट्यात मळी कशी वाहते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना डब्लिनकरांच्या तक्रारीतील कळकळ आणि अहंकार दोन्ही ओळखीचे वाटतील. उलट बाजूस गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. म्हणजे नावावरचा हक्क सांभाळला तर काय होते याचेही उदाहरण हाताशी आहे.

आता जॉइसकडे वळू, कारण आमचे विद्यार्थी येथेच अडखळतात. जॉइसचे वडील जॉन स्टॅनिस्लॉस हे १८७० च्या दशकात 'डब्लिन अँड चॅपेलिझॉड डिस्टिलिंग कंपनी'चे चिटणीस होते. त्यांनी तीत पैसे गुंतवले आणि ती कंपनी बुडाली. 'डब्लिनर्स' (१९१४) मधील 'अ पेनफुल केस' या कथेचा एकाकी नायक चॅपेलिझॉडलाच राहतो, आणि त्याच्या खिडकीतून एक बंद पडलेली भट्टी दिसते. टीकाकार या भट्टीला त्याच्या शुष्क आयुष्याचे प्रतीक मानतात. ते ठीकच आहे. पण ते आधी जॉइस घराण्याचे बुडीत खाते आहे. 'द सिस्टर्स' या पहिल्याच कथेतील म्हातारा कॉटर मुलापुढे भट्टीच्या कंटाळवाण्या कथा सांगतो, आणि त्याच्या बोलण्यात 'फेंट्स' व 'वर्म्स' हे शब्द येतात. येथे वर्म म्हणजे वाफ थंड करणारी तांब्याची नागमोडी नळी आणि फेंट्स म्हणजे गाळपाच्या शेवटी उतरणारे कमकस, वासकट मद्य. हे ठाऊक नसलेला अनुवादक 'किडे' लिहून मोकळा होईल, आणि अशी उत्तरे आम्ही उत्तरपत्रिकांतून वाचलेली आहेत. पाद्र्याच्या मृत्यूच्या कथेत 'किडे' अगदीच विसंगत वाटत नाहीत, हाच खरा धोका. जॉइसने तो सापळा जाणूनबुजून लावला असावा असे आम्हांस वाटते.

बाटली भेट देण्याविषयी लिहावयाचे तर 'ग्रेस' ही कथा विसरता येत नाही. दारूच्या अमलाखाली गुत्त्याच्या जिन्यावरून पडून जीभ चावलेला कर्नन घरी अंथरुणावर आहे. त्याला सन्मार्गावर आणण्यासाठी मित्रमंडळी एका धार्मिक प्रवचनाला नेण्याचा घाट घालीत आहेत. अशा वेळी फोगर्टी नावाचा किराणा दुकानदार त्याच्या समाचाराला येतो आणि भेट म्हणून खास व्हिस्कीची लहान बाटली आणतो. कर्ननला या भेटीचे मोल अधिकच वाटते, कारण फोगर्टीच्या दुकानाची काही उधारी अजून फिटलेली नसते. व्यसनमुक्तीचा बेत आखणारी मंडळी मग ती बाटली आपसांत वाटून घेतात. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ची (१९१९) शिकवण घेऊन वाढलेल्या आमच्या वर्गाला हा प्रसंग पचवणे जड जाते. सुधाकराचा प्याला सर्वनाशाकडे नेतो. जॉइसचा प्याला माणसांना एकत्र बसवतो, त्यांचा दांभिकपणा उघडा करतो आणि कोणाचेच फारसे भले-बुरे करत नाही. आयर्लंडला मद्यनिषेधाची परंपरा नव्हती असे मात्र नव्हे. कॉर्कचे फादर मॅथ्यू यांनी १८३८ पासून चालवलेल्या शपथमोहिमेने काही वर्षांतच देशातील कायदेशीर मद्याचा खप निम्म्यावर आणला होता. जॉइसचा उपहास त्या परंपरेच्या थकलेल्या अवशेषाकडे रोखलेला आहे.

फोगर्टी किराणा दुकानदार का आहे, हाही प्रश्न विचारावा. तेव्हाचे डब्लिन बहुतांशी व्हिस्की पिंपांनी विकत असे. भट्टीवाला कोरे मद्य दुकानदारास देई, दुकानदार ते आपल्या किंवा सरकारी गोदामात मुरवी आणि बाटल्यांत भरून आपल्या नावाने विकी. गिऱ्हाइकाचा विश्वास भट्टीपेक्षा वाण्यावर असे. आज मानाच्या मानल्या जाणाऱ्या दोन बाटल्या या व्यवस्थेच्या वारसदार आहेत. मिचेल नावाचे वाइनचे व्यापारी जेम्सनचे मद्य आपल्या पिंपांत मुरवीत आणि किती वर्षांसाठी ठेवले हे कळावे म्हणून पिंपावर रंगाचा ठिपका देत. 'ग्रीन स्पॉट', 'यलो स्पॉट' ही नावे त्यातून आली. गिल्बी या दुसऱ्या व्यापारी पेढीने १९१२ च्या सुमारास आपल्या बारा वर्षे मुरवलेल्या व्हिस्कीला 'रेडब्रेस्ट' हे नाव दिले. पेढीचा प्रमुख पक्षिप्रेमी होता आणि नाव रॉबिन पक्ष्यावरून घेतलेले आहे. नाताळच्या शुभेच्छापत्रांवर हिमात बसलेला जो तांबड्या छातीचा पक्षी असतो तोच हा.

यानंतरची पन्नास वर्षे ऱ्हासाची. स्वातंत्र्ययुद्ध, यादवी, अमेरिकेतील १९२० ते १९३३ ची दारूबंदी, १९३२ पासूनचे ब्रिटनशी आर्थिक युद्ध यांनी एकामागून एक बाजारपेठा हिरावल्या. १९६६ मध्ये जेम्सन, पॉवर आणि कॉर्कची कंपनी यांनी एकत्र येऊन 'आयरिश डिस्टिलर्स' स्थापन केली. १९७५ मध्ये कॉर्क परगण्यात मिडल्टन येथे नवी भट्टी सुरू झाली, डब्लिनच्या जुन्या भट्ट्या विझल्या, आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात साऱ्या बेटावर मिडल्टन आणि बुशमिल्स अशा दोनच भट्ट्या उरल्या. त्या दोन्ही एकाच कंपनीच्या होत्या. म्हणून जेम्सन कॅथलिकांची व बुशमिल्स प्रॉटेस्टंटांची, ही अमेरिकेतील गुत्त्यांत आवडीने सांगितली जाणारी विभागणी फारशी गंभीरपणे घेऊ नये. मूळचे जेम्सन घराणेही प्रॉटेस्टंटच होते.

या काळात जी गोष्ट घडली ती आम्हांस सर्वांत बोलकी वाटते. तग धरण्यासाठी जेम्सनने आपली मुख्य व्हिस्की हलकी केली. पॉट स्टिलमध्ये स्तंभभट्टीचे धान्यमद्य मिसळून. विमानतळावरील करमुक्त दुकानात आपण जी हिरवी बाटली पाहतो ती हीच. पूर्वजांनी ज्या मुक्या मद्याविरुद्ध पुस्तक लिहिले त्याच मद्याने वंशजांचे नाव जगवले. आणि पूर्वजांची खरी शैली? तिचा दिवा ग्रीन स्पॉटच्या थोड्याशा पेट्यांनी मिणमिणता ठेवला. रेडब्रेस्ट १९८० च्या दशकात बाजारातून नाहीशीच झाली होती; १९९१ मध्ये आयरिश डिस्टिलर्सने ती पुन्हा आणली. मधल्या काळात, १९८७ मध्ये, जॉन टीलिंग यांनी लाउथ परगण्यात 'कूली' ही स्वतंत्र भट्टी उभारून मक्तेदारी मोडली. दोनदाच गाळलेले, पीटच्या धुराचा वास असलेले मद्य काढून त्यांनी हेही दाखवले की त्रिवार गाळप ही आयर्लंडची रूढी आहे, कायदा नव्हे. १९८८ मध्ये आयरिश डिस्टिलर्स फ्रान्सच्या पर्नो रिकार कंपनीकडे गेली. आज बेटावर चाळीसहून अधिक भट्ट्या आहेत, पण उधाणाला ओहोटीही लागली आहे. शेताशेताच्या सातूची चव वेगळी जपण्याचा महत्त्वाकांक्षी प्रयोग करणारी वॉटरफर्डची भट्टी नोव्हेंबर २०२४ मध्ये धनकोंच्या ताब्यात गेली.

तेव्हा फळीसमोर उभे राहून काय पाहावे? 'आयरिश व्हिस्की' या शब्दांचा कायदेशीर अर्थ एवढाच की ती आयर्लंडच्या बेटावर, उत्तर आयर्लंडसह, गाळलेली व किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरवलेली असून तिची तीव्रता चाळीस टक्क्यांहून कमी नाही. पुढचा शब्द महत्त्वाचा. 'ब्लेंडेड' म्हणजे मिश्रण, 'सिंगल माल्ट' म्हणजे एकाच भट्टीतील केवळ मोडाच्या सातूचे, आणि 'सिंगल पॉट स्टिल' म्हणजे किमान तीस टक्के मोडाचे व किमान तीस टक्के कोरे सातू वापरून एकाच भट्टीत केलेले. वर्षांचा आकडा असेल तर तो बाटलीतील सर्वांत तरुण मद्याचा असतो. गावाचे नाव, संस्थापकाची सही आणि स्थापनेचे साल यांकडे मात्र शकावलीकडे पाहावे तसे पाहावे. 'पॉवर्स जॉन्स लेन' हे नाव डब्लिनच्या गल्लीचे आहे. ती भट्टी १९७६ मध्ये बंद झाली, तिच्या जागेत आता कला महाविद्यालय आहे आणि तिची तीन तांब्याची भांडी तेथील आवारात उघड्यावर उभी आहेत. बाटलीतले मद्य मिडल्टनचे. ते उत्तम आहे. फक्त त्या गल्लीचे नाही. काही नव्या बाटल्यांवर तर भट्टीचे नावच नसते, कारण मद्य दुसऱ्याकडून विकत घेतलेले असते. यात पाप काही नाही; फोगर्टीही हेच करीत होता. पण फोगर्टी आपल्याच दुकानात आपल्याच नावाने विकत होता, एवढा फरक उरतो.

आमचा कौल विचाराल तर नाताळाच्या रात्री शेगडीपाशी बसून सावकाश प्यावयाची असेल, किंवा जाणत्या यजमानाला द्यावयाची असेल, तर बारा वर्षांची रेडब्रेस्ट. शेरीच्या पिंपांमुळे तिला सुक्या मेव्याचा, नाताळच्या केकच्या जवळ जाणारा स्वाद असतो, आणि खाली १७८५ ची ती कोऱ्या सातूची चुणचुण शाबूत आहे. खिसा हलका असेल तर ग्रीन स्पॉट. तीत फळांचा ताजेपणा अधिक, मुरण कमी. कॉफीत घालावयाची, पुडिंगवर शिंपडावयाची किंवा वीस माणसांत वाटावयाची असेल तर पॉट स्टिलवर पैसे उधळू नयेत. पॉवर्सची सोनेरी लेबलाची साधी बाटली पुरे, आणि हिरवी जेम्सनही चालेल. ज्यांना पॉट स्टिलचा दाटपणा मानवत नाही त्यांच्यासाठी बुशमिल्सची दहा वर्षांची सिंगल माल्ट आहे. लाकडी पेटी, आकडा वीसच्या पुढे आणि किंमत पगाराएवढी, अशा बाटल्या आम्ही अभ्यासल्या नाहीत. प्राध्यापकांचे वेतन हे त्याचे एक कारण आहे.

एक शेवटची सूचना मराठी घरांसाठी. परदेशातून आलेली बाटली कपाटात दहा-दहा वर्षे जपून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, ती जुनी होत जाईल या समजुतीने. व्हिस्की मुरते ती पिंपात. आयर्लंडमध्ये पिंपातील मद्याचा दोनेक टक्के भाग दरवर्षी हवेत उडून जातो, गोव्यासारख्या उष्ण हवेत त्याहून कितीतरी अधिक. काचेत शिरली की ती होती त्या वयाची राहते. बाटली उभी ठेवावी, आडवी नव्हे, कारण तीव्र मद्य बुचाला खाते. उन्हापासून दूर ठेवावी. आणि उघडल्यावर वर्षभरात संपवावी. पिताना थोडे साधे पाणी घालावे. डब्लिनच्या पबमध्ये पेल्यासोबत पाण्याचा छोटा चंबू न मागता येतो.